मी न पाहिलेली तुझी चाल

तुझं तेरावं परवा झालं. तुझ्या माहेरून, माणहून, तुझा भाऊ आणि वहिनी आले होते, चाकणातल्या आपल्या आळीतल्या बायका येऊन बसून गेल्या. प्रत्येकीनं तुझं काही ना काही सांगितलं. कुणी तुझ्या हातच्या भाकरीचं, कुणी तुझ्या फटकळ तोंडाचं, कुणी तू एका बाळंतिणीला सव्वा महिना शेक द्यायला जात होतीस त्याचं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो, आणि मला जे ऐकायचं होतं ते कुणीच बोललं नाही. तू चालायचीस कशी, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. "मानूस गेलं आन् ह्यांना अजून चालीचीच पडलीया," असं शेजारच्या तानूआक्काला जाऊन सांगितलं असतंस. हस. पण मला खरंच पडली आहे, सरू. हे नाव मी अठरा वर्षांत चार माणसांत कधी घेतलं नाही. घरात "अगं" आणि बाहेर "आमच्या घरी" एवढ्यावर भागवलं. आता कागदावर घेतोय तर रागावू नकोस.

डोळे मिटले की तुझा चेहरा येतो. परातीवर वाकलेले खांदे येतात, हिरवं गोंदण येतं, सुपात धान्य घोळताना जमिनीला टेकवलेला गुडघा येतो. बसलेली तू येतेस, उभी तू येतेस. पण तुला चालती करायला गेलो की चित्र तिथंच थांबतं. मी गुरांचा डॉक्टर. वीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही, चालती जनावरं पाहिली. आणि माझ्या बायकोची चाल माझ्याजवळ नाही.

कारण अगदी साधं आहे. तू माझ्या मागून चालायचीस.

लग्नानंतर माणहून निघालो तेव्हापासून ते सुरू झालं. मी पुढे, छत्री काखेत, पायात पुण्याहून आणलेले नवे जोडे. तू चार पावलं मागे. आपल्याकडे सगळ्याच बायका तशा चालतात, त्यात कुणाला काही वाटत नाही, मलाही वाटलं नाही. बाजारच्या दिवशी मी पुढे, तू मागे. पुढं शाली झाली, तेव्हा मी पुढे, तू मागे आणि शाली तुझ्या कडेवर. ती मोठी झाल्यावर तीही मागे, तुझ्या बरोबरीनं. मला तुमच्या दोघींच्या गप्पा ऐकू यायच्या आणि तुझी जोडवी वाजायची. अठरा वर्षं तू माझी पाठ पाहिलीस आणि मी समोरचा रस्ता.

घरात तरी दिसली असशील, असं कुणी म्हणेल. दोन खोल्यांत माणूस चालत नाही. चुलीपासून रांजणापर्यंत तीन पावलं, दारापर्यंत चार. निदान दहा पावलं सरळ चालल्याशिवाय चाल कळत नाही, हे मीच सगळ्यांना सांगतो. शिवाय घरात माझं डोकं वहीत असायचं.

ती जनावरांच्या चालींच्या टिपणांची वही. तुझी सवतच ती, असं तू म्हणायचीस. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या वरच्या साहेबांनी एकच गोष्ट डोक्यात भरवली होती: जनावर बोलत नाही, पण चालतं, आणि चालताना ते खोटं बोलत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना बैल मान वर उचलतो, आणि चांगला पाय टेकताना मान खाली सोडतो. लोकांना वाटतं मान खाली गेली तो पाय दुखरा. बरोबर उलटं असतं. मागचा पाय दुखत असेल तर मान सोडून पुठ्ठ्याकडे, म्हणजे कमरेमागच्या उंचवट्याकडे बघायचं, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर उसळतो. म्हणून दवाखान्याच्या दारात कुणी बैल घेऊन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं. "चालवून दाखवा." आधी माझ्यापासून लांब, मग माझ्याकडे, मग आडवा. बैलाला हात लावायच्या आधी मी पाय सांगायचो, आणि शेतकरी एकमेकांकडे बघायचे. त्या बघण्याची मला चटक होती, हे तुला माहीत होतं.

दुसरं वाक्यही ठरलेलं. "किती दिवसांपासून लंगडतोय?" यावर निम्मे लोक डोकं खाजवून म्हणायचे, "काय की." मग मी चिडायचो. जे जनावर रोज तुमच्यासमोर चालतं त्याचं तुम्हाला एवढंही कळत नाही का, डोळे कुठं असतात तुमचे, असं भर दवाखान्यात सुनवायचो. एकदा तू माझा डबा घेऊन आली होतीस तेव्हा मी खराबवाडीच्या एका म्हाताऱ्याला असंच झापत होतो. संध्याकाळी तू म्हणालीस, "त्याला कशापायी बोलला? त्यो बैलाच्या म्होरं चालतोया, बैल त्याच्या मागं. मागचं कसं दिसंल?" मी म्हणालो, दिसायला पाहिजे.

वहीसाठी राख लागायची. दवाखान्यामागच्या अंगणात चाळलेल्या राखेचा पट्टा पसरायचा, त्यावरून जनावर चालवायचं आणि पावलांची मापं घ्यायची. निरोगी बैलाचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो. थकला, दुखावला, की मागचा ठसा मागे राहतो. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, अशी त्याची पाळी असते. कुत्र्याचीही तीच, मांजराचीही तीच. सावकाश चालणाऱ्या बैलाचे तीन पाय बहुतेक वेळ जमिनीवर असतात, म्हणून तो पडत नाही. माणसाचं तसं नाही. माणूस प्रत्येक पावलाला थोडा पुढे पडतो आणि दुसरा पाय टाकून स्वतःला सावरतो. हे मी तुला मोठ्या उत्साहात सांगितलं तेव्हा तू घमेल्यातली राख खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मंग लहान पोरं उगाच शिकत्यात व्हय पडाय?"

राखेवरून आपलं कायम वाजायचं. भांडी घासायला राख उरत नाही म्हणून तू कुरकुरायचीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलं दाराशी भरून ठेवलेलं असायचं. तीही चाळलेली. तिच्यात कोळशाचा एक खडा कधी सापडला नाही. याबद्दल मी तुला कधी बरं म्हटलं नाही. आज म्हणतो, पण आज म्हणणं सोपं आहे.

आणखी एक भांडण मिटायचं राहिलं आहे. उभा बैल चालायला लागतो तेव्हा पहिला पाय कुठला उचलतो? मी म्हणायचो मागचा, जोर मागून येतो, पुस्तकातही तसंच आहे. तू म्हणायचीस, "पुढलाच. मान खाली घालतो आन् पुढला उचलतो. बैलांत जलमले मी." आठ-दहा वर्षं आपण हे भांडलो, जेवताना, बाजारात, एकदा तर तुझ्या भावाच्या लग्नात. मागच्या पावसाळ्यात मी दवाखान्याच्या दारात बसून गुपचूप टिपणं घेतली. बहुतेक वेळा पुढचाच, सरू. वहीत तसं लिहिलेलं आहे. तुला सांगायचं मुद्दाम ठेवून दिलं होतं, एखाद्या चांगल्या दिवशी हरल्याचं कबूल करून तुला हसवू म्हणून. तो दिवस काढायला मला वेळ झाला नाही.

तू बरोबरीनं चालावंस म्हणून मी एकदा आग्रह केला होता, आठवतं का? पिंपरीजवळच्या मोठ्या रस्त्यावरून जात होतो. तेव्हा मी काहीतरी वाचलं होतं, अंगात सुधारणा संचारली होती. म्हणालो, मागे नको, बाजूनं चल. बैलसुद्धा जोडीनं चालतात. तू म्हणालीस, "त्यास्नी जू घातलंय म्हून. जू काडा, मंग बघा कोन कुटं जातंय." पण माझा मान राखायला आलीस बाजूला. शंभर पावलं गेली असतील. समोरून तळवड्याची ओळखीची गाडी आली, त्यातले लोक हसले, आणि लगेच तुझी जोडवी पुन्हा माझ्या मागून वाजायला लागली. मी पुन्हा आग्रह केला नाही. खरं सांगू का, मलाही हायसं वाटलं होतं. सुधारणा मला बोलायला बरी वाटायची.

तुझी चाल पाहिल्याची एकच आठवण माझ्याजवळ आहे आणि ती निकामी आहे. माणसाच्या पावलांची मापं हवी होती म्हणून तुला राखेच्या पट्ट्यावरून चालायला सांगितलं. शाली तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. तू कासोटा सारखा केलास, पदर खोचलास, आणि पहिलंच पाऊल टाकताना अडलीस. दुसऱ्या पावलाला उजव्या पायाबरोबर उजवा हात पुढे. तिसऱ्याला मटकन खाली बसून इतकी हसलीस की राख उडाली. "तुमी बघाय लागला की पाय कुनाचं हाईत त्येच कळंना," म्हणालीस. मी चिडलो, राख फुकट गेली म्हणून. पुन्हा चाल म्हटलं तर तू गेलीस निघून. आता वाटतं, तू तीन पावलं टाकलीस ती तरी नीट बघायला हवी होती. मी राखेकडे बघत होतो.

तुला मात्र माझी चाल पाठ होती. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तू म्हणालीस, "तुमचा डावा जोडा भायेरनं झिजतोया, गुडघा दुखत नसंल तर दुखंल." मी हसण्यावारी नेलं. तू मला न विचारता तो जोडा चांभाराकडे नेऊन टाचेला बाहेरच्या बाजूनं कातड्याची चकती ठोकून आणलीस. तेव्हापासून सगळ्या जोड्यांना ती चकती आहे, आणि दिवसाला सात-आठ मैल चालून माझे गुडघे शाबूत आहेत. संध्याकाळी मी कोपऱ्यावरून वळलो की तू दारातून ओळखायचीस. "आज जनावर दगावलं व्हय?" असं मी उंबऱ्याच्या आत येण्याआधी विचारायचीस. मी कधी म्हणालो नाही की तुला कसं कळलं. मला वाटायचं बायकांना कळतं तसं काहीतरी. तू माझ्या पायांकडे बघत होतीस, एवढंच होतं ते. माझी अख्खी विद्या तू पाठीमागून शिकलीस आणि माझ्यासाठी वापरलीस.

आता गेल्या वर्षाचं लिहायला पाहिजे. टाळत होतो.

पिंपरीला कारखान्यांची कामं निघाली. पायाभरणीला खडी, विटा, वाळू, सगळं बैलगाड्यांवर. आपल्या भागातले शेतकरी चार पैसे मिळतात म्हणून शेतातले बैल घेऊन तिकडे जायला लागले. मऊ मातीत चालणारे बैल, दिवसभर खडीच्या रस्त्यावर. खुरांना ठोकलेल्या पत्र्या महिन्याच्या आत झिजायच्या, तळवे फुटायचे, खांदे सुजायचे. इतके लंगडे बैल मी जन्मात पाहिले नव्हते. दवाखान्यात रांग लागायची, आणि रांग संपली की मी वही घेऊन पिंपरीच्या रस्त्यावर जाऊन बसायचो. असं पाहायला पुन्हा मिळणार नाही, असं मला वाटायचं. लाज वाटते लिहायला, पण त्या वर्षी मी खूश होतो.

भाऊबिजेला माणला निघालो. चिंचवडला एसटीतून उतरलो, पवना ओलांडली, थेरगाव सोडलं आणि वाकडच्या वाटेला लागलो. मी पुढे, तुम्ही दोघी मागे. तुझ्या जोडव्यांचा आवाज नेहमीसारखा येत नव्हता. एक ठोका लांब, एक आखूड, मग पुन्हा लांब. मी तो ऐकला, सरू. कानांनी ऐकला आणि डोक्यापर्यंत नेला नाही. मला एवढंच कळलं की तू मागे पडत्येस. मी न वळता म्हणालो, "पाय उचला जरा, ऊन चढतंय." तू म्हणालीस, "आले."

वाकडच्या अलीकडे तू बाभळीखाली बसलीस. काटा मोडलाय म्हणालीस. मी रस्त्यावर उभा राहिलो. तेवढ्यात एक गाडी गेली, आणि त्यातल्या उजव्या बैलाचा मागचा पाय मला खटकला. मी गाडीवानाला थांबवलं, बैल सोडायला लावला, चालवून घेतला, त्याला सांगितलं की खुरात नाही, वर खुब्यात दुखणं आहे, याला आठ दिवस जुंपू नकोस. परत आलो तेव्हा तू उठून उभी होतीस, झाडाला हात लावून. मी तुला तो बैल समजावून सांगितला, उसळणारा पुठ्ठा हातानं करून दाखवला. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुमाला लगीच कळतं." मग मी पुढे निघालो आणि तू मागून.

पौषात तुला उठवेना, तेव्हा पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान, सभ्य मुलगा. त्यानं एक्स-रे उजेडावर धरला. उजव्या मांडीचं हाड, वरचा भाग, खुब्याजवळ हाड पोखरणारी गाठ. मला चित्र वाचायला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "किती दिवसांपासून लंगडत आहेत या?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "काय की."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला की लवकर कळलं असतं तर पाय काढून कदाचित जीव वाचवता आला असता, नक्की सांगता येत नाही. त्या "कदाचित"वर मी महिनाभर जगलो आणि अजून त्यावरच आहे. तुला मी सांगितलं की हाडाला सूज आहे, उतरेल. तू मान हलवलीस. माघात तू गेलीस. एवढे दिवस तुझ्या खाटेशी बसलो, तुझे पाय चेपले, आणि तेव्हा कुठं बघितलं की उजवी मांडी डावीपेक्षा कितीतरी बारीक झाली होती. पाय नीट बघायला मिळाले तेव्हा ते चालत नव्हते.

परवा पाहुणे गेले. काल सकाळी शाली विहिरीवरून पाणी घेऊन आली तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. तिला म्हणालो, "शाले, तुझी आई कशी चालायची, मला चालून दाखवशील का?" ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. तिनं घागर घेतली, डाव्या कमरेवर ठेवली आणि अंगणात चालायला लागली.

तुझी पोर तुझ्या मागेपुढे पंधरा वर्षं होती, तिच्या अंगात तू उतरलेली आहेस. लांब पावलं टाकायचीस तू. मला वाटलं होतं आखूड टाकत असशील. टाच आधी आणि घट्ट, रिकामा उजवा हात मोकळा, मान सरळ. इतकी झोकात चालायचीस, सरू. असं कुणी माझ्या मागून येत होतं आणि मी पुढे छत्री घेऊन चाललो होतो. मला पहिल्यांदा रडू आलं ते तिथं, तेराव्याला नाही.

कुंपणापाशी जाऊन शाली थांबली. म्हणाली, "अण्णा, ही आधीची. आता मागच्या शिमग्यापासूनची." तिनं घागर डाव्या कमरेवरून उजव्या कमरेवर घेतली आणि माझ्याकडे यायला लागली. उजव्या पायावर घाईघाईनं टेकून लगेच डावा टाकायची. उजव्यावर टेकताना सगळं अंग उजवीकडे झुकायचं. दुखऱ्या बाजूला ओझं घेतलं की खुब्याला ओढ कमी बसते, हे तुझ्या अंगाला कुणी न शिकवता कळलं होतं. सहा पावलं मला पुरली. खुबा, उजवा. दारात कुणी असा बैल आणला असता तर मी हात न लावता सांगितलं असतं. मी शालीला थांब म्हणालो. ती म्हणाली, "दिवाळीनंतरची राहिली की." मी नको म्हणालो.

मग मी तिला ते विचारलं, जे विचारायचा मला हक्क नव्हता. "तुला दिसत होतं, तर मला का सांगितलं नाहीस?"

शाली घागरीच्या काठावरून बोट फिरवत बोलली. "मी म्हणाले होते आईला, अण्णांना सांगते म्हणून. तर आई म्हणाली, त्यास्नी काय सांगायचं? गाडीला जुपलेल्या बैलाचं दुखनं बी वळखत्यात ते. मी तर त्यांच्या घरातच हाय. त्यास्नी कवाच कळलं असंल. बोलत न्हाईत, म्हंजी काळजीचं काय न्हाई. तू बी बोलू नगंस, उगा त्यांच्या डोक्याला ताप." एवढं बोलून ती घागर घेऊन आत गेली.

म्हणून तू वर्षभर घागरी वाहत राहिलीस. वाकडच्या बाभळीखाली बसलीस तेव्हाही तू माझ्याकडे बघून काही बोलली नाहीस, कारण तुझ्या लेखी मी तुला आधीच तपासून ठेवलं होतं. आणि शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून तू म्हणालीस, "तुमी येकट्यानं लई दिस सोसलंत." मला वाटलं, पुण्याच्या एसटीच्या खेपांबद्दल बोलत्येस. तू गेलीस ती हेच धरून, की मला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं, आधी काळजीचं नव्हतं म्हणून बोललो नाही आणि पुढं तुला भीती वाटू नये म्हणून मनात ठेवलं. माझ्याविषयी इतकं चांगलं कुणी कधी मानलं नाही, आणि ते खरं नाही. मी काही मनात ठेवलं नव्हतं, सरू. मला कळलंच नव्हतं. मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.